ट्रेलरचा मागला दिवा कां विझतो?

गाडीच्या पुढच्या दिव्याचा उपयोग ज्याचा त्याला असतो; मागच्या दिव्याचा उपयोग दुसऱ्याला असतो. पुढचा दिवा बंद पडला कीं चालकाला तें तत्काळ कळतें, कारण रस्ता त्यालाच दिसेनासा होतो. मागचा दिवा विझला तर त्याला कांहींच कळत नाहीं. तो आपल्या वाटेनें निश्चिंतपणें जात असतो. आणि ज्याला कळावयास हवें, त्या मागून येणाऱ्या माणसाला कळतें तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत ऊंस-गाळपाच्या हंगामांत या साध्या गोष्टीला जीवनमरणाचें महत्त्व येतें.

नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या अवर्षणाच्या मुलखांत पोहोंचलें आणि त्याच्यामागोमाग ऊंस आला. १९३० च्या दशकांत इंदापूर तालुक्यांतील कळंबच्या माळावर वालचंदनगर उभें राहिलें. स्वातंत्र्योत्तर काळांत सहकारी कारखाने निघाले. आज बारामती तालुक्यांत माळेगांव व सोमेश्वरनगर, आणि इंदापूर तालुक्यांत भवानीनगर, बिजवडी व शहाजीनगर येथें साखर कारखाने आहेत. गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतें. तोडलेला ऊंस जितका शिळा होईल तितका साखरेचा उतारा घटतो. म्हणून कारखाना रात्रंदिवस चालतो आणि ऊंसहि रात्रंदिवस वाहिला जातो. एका ट्रॅक्टरमागें पुष्कळदां दोन ट्रेलर जोडलेले असतात. ही संथ वाहतूक ज्या रस्त्यांवरून होते, त्यांच रस्त्यांवरून, म्हणजे पाटस-बारामती-इंदापूर मार्गावरून व पुणें-सोलापूर महामार्गावरून, पंढरपूरला वा सोलापूरला निघालेल्या कुटुंबांच्या वेगवान मोटारीहि धांवत असतात.

येथें थोडें गणित करावयास हवें. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें २२ मीटर अंतर कापते. अडथळा डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यांत ३३ मीटर संपतात. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावरहि मोटार थांबावयास आणखी सुमारें ४० मीटर लागतात. एकूण झाले ७०-७५ मीटर. समोरून वाहन येत असतां दिव्यांचा झोत खालीं केलेला असतो आणि अशा झोतांत उंसानें भरलेला, धुळीच्या रंगाचा ट्रेलर सुमारें ४०-५० मीटरांवर आल्याखेरीज नीट उमगत नाहीं. टायर फुटून उभ्या असलेल्या ट्रेलरच्या बाबतींत हें गणित कोणत्याहि कुशल चालकाला सुटणारें नाहीं. उलट, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं मागील तांबडा दिवा १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे असें सांगितलें आहे. तेवढ्या अंतरावरून तो दिसला तर त्याच मोटारवाल्याच्या हातीं सात सेकंद येतात. एका लहानशा दिव्याची किंमत सात सेकंद आहे.

असें असतां हा दिवा इतक्या वेळां विझलेला कां आढळतो? निष्काळजीपणा हें एक उत्तर आहेच; परंतु तें पुरेसें नाहीं. पुष्कळ चालक बल्ब बदलतात, पुन्हा बदलतात, तरी दिवा लागत नाहीं, आणि अखेर हंगामाच्या धांवपळींत नाद सोडून देतात. दोष बल्बमध्यें नसतोच. तो दुसरीकडे असतो, आणि कोठें शोधावा हें ठाऊक नसतें.

विजेविषयीं सर्वसामान्य समजूत अशी कीं, ती बॅटरींतून निघते, तारेंतून दिव्यापर्यंत जाते आणि तेथें संपते. जसें कालव्याचें पाणी पाटांतून निघून उंसाच्या सरींत मुरतें. ही उपमा चुकीची आहे. विजेला पाटाची नव्हे, रहाटाची उपमा द्यावयास हवी. रहाटाचीं जितकीं गाडगीं भरून वर येतात, तितकींच रिकामीं होऊन खालीं जातात. माळ कोठेंहि तुटली, वर येणारी बाजू असो वा खालीं जाणारी, तरी सगळा रहाट थांबतो. विजेलाहि जाण्याइतकीच परत येण्याची वाट लागते.

ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. तिच्या धन टोकापासून प्रवाह निघतो; फ्यूज, स्विच, ट्रॅक्टरच्या पाठीवरील सात खुंट्यांचें सॉकेट, त्यांत बसणारा प्लग आणि ट्रेलरखालून गेलेली तार असा प्रवास करून तो बल्बला पोहोंचतो. ही झाली जाण्याची वाट. परत येण्यासाठीं मात्र अनेक ट्रेलरांना वेगळी तार नसतेच. खर्च वांचावा म्हणून ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यालाच परतीची वाट केलेलें असतें. कारागीर या वाटेला ‘अर्थ’ म्हणतात. पण जमिनीशीं तिचा कांहीं संबंध नसतो, कारण ट्रॅक्टर व ट्रेलर दोघेहि रबरी चाकांवर उभे असतात. सांगाड्यांतून हा प्रवाह ट्रेलरच्या दांडीपर्यंत, दांडींतून तिला अडकविलेल्या हुकाच्या खिळींतून ट्रॅक्टरमध्यें आणि तेथून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जातो.

आतां या वाटेवर काय काय आहे तें पाहावें. दिव्याचें बूड जेथें सांगाड्याला पेचानें बसविलें आहे, तेथें रंगाचा थर आहे आणि त्याखालीं गंज आहे. हुकाच्या खिळीवर वंगण आहे व त्यांत माती कालवलेली आहे. रंग, गंज आणि वंगण या तिन्ही वस्तूंतून वीज सुखानें जात नाहीं. त्यांतून खिळ ढिली असते. गाडी उताराला लागली कीं ती एका अंगाला टेकते, चढाला लागली कीं दुसऱ्या अंगाला. दिवा मध्येंच लागतो, मध्येंच जातो, याचें रहस्य पुष्कळदां या खिळींत असतें. म्हणून ज्याला खात्रीचा दिवा हवा असेल त्यानें परतीसाठीं स्वतंत्र तार घालावी, ती प्लगच्या खुंटीपासून प्रत्येक दिव्यापर्यंत न्यावी, आणि सांगाड्यावर व हुकावर विसंबूं नये. शंभरांतले बरेचसे रोग या एका उपायानें टळतात.

परतीची वाट पूर्ण तुटली नसून नुसती अरुंद झाली असेल, तर दिवा विझत नाहीं, मंदावतो. विजेच्या बल्बचा प्रकाश दाब घटला कीं त्या प्रमाणाहून पुष्कळ अधिक घटतो. गंजलेल्या सांध्यांत १२ पैकीं तीन व्होल्ट खर्ची पडले आणि बल्बला नऊच मिळाले, तर दाब चौथ्या हिश्शानें कमी झाला. पण प्रकाश निम्म्याहूनहि खालीं येतो. चालक म्हणतो, दिवा तर लागतो आहे. लागतो खरा, पण १५५ मीटरांवरून दिसत नाहीं.

याहून चमत्कारिक प्रकारहि घडतात. मागच्या दिव्यांत बहुधा एकाच कांचेंत दोन तंतू असलेला बल्ब असतो. पांच वॅटचा तंतू रात्रीं सतत जळतो आणि एकवीस वॅटचा ब्रेक दाबला म्हणजे जळतो. परतीची वाट बंद असली कीं ब्रेकचा प्रवाह स्वस्थ बसत नाहीं. तो दुसऱ्या तंतूंतून उलटा शिरून भलत्याच दिव्याच्या वाटेनें घरीं परतूं पाहतो. मग ब्रेक दाबतांच मागला दिवा उजळण्याऐवजीं मंद होतो, किंवा डावीकडे वळण्याचा इशारा दिला असतां दोन्ही बाजू लुकलुकतात. असा वेडावाकडा खेळ दिसला कीं बल्बला हात लावूं नये. दोष परतीच्या वाटेंत आहे असें धरून चालावें. दहांपैकीं नऊ वेळां अंदाज खरा ठरेल.

दोष शोधण्याची रीत वैद्याच्या रीतीसारखी आहे. आधीं लक्षणें पाहावीं, मग हात लावावा. दिवस मावळतांना ट्रेलर जोडून एकानें मागें दहा पावलांवर उभें राहावें आणि चालकानें बसल्या जागेवरून क्रमानें मागला दिवा, डावा इशारा, उजवा इशारा व ब्रेक अशा चार गोष्टी कराव्या. ‘पोरा, लागला कां रे?’ या प्रश्नाला ‘लागला, दादा’ एवढेंच उत्तर पुरे मानूं नये. कोणता लागला, दोन्ही बाजूंचा लागला कां, आणि ट्रॅक्टरच्या स्वतःच्या दिव्याइतका लख्ख लागला कां, हें विचारावें.

मिळालेल्या उत्तरांवरून दोषाची जागा पुष्कळशी कळून येते. ट्रॅक्टरचा स्वतःचा मागला दिवाहि लागत नसेल, तर दोष ट्रेलरमध्यें नाहींच. फ्यूज, स्विच वा बॅटरी पाहावी. ट्रॅक्टरचे दिवे लागतात व ट्रेलरचे सर्वच लागत नाहींत, तर प्लग, सॉकेट किंवा सर्वांची सामाईक परतीची वाट यांपैकीं एकावर संशय धरावा. एकच दिवा बंद असेल, तर त्याचा बल्ब, त्याचा होल्डर आणि त्याची तार पाहावी. पुढच्या ट्रेलरचे लागतात व मागच्याचे लागत नाहींत, तर दोन ट्रेलरांमधील जोड पाहावा. खड्ड्यांत चाक गेलें कीं दिवा लुकलुकत असेल, तर कोठें तरी सांधा ढिला आहे, किंवा तारेचे आंतले धागे तुटून एखाद-दुसराच धागा धरून आहे.

यापुढें एक उपकरण लागतें, आणि तें कोणालाहि घरीं करतां येतें. १२ व्होल्टचा एक बल्ब होल्डरमध्यें बसवून त्याला दोन लांब तारा जोडाव्या. गॅरेजमध्यें याला टेस्ट लॅम्प म्हणतात. एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला पक्की बांधावी. ट्रेलरचा दिवा चालू ठेवून दुसऱ्या तारेचें टोंक सॉकेटच्या त्या खुंटीला लावावें. हातांतला बल्ब लख्ख पेटला, तर वीज येथवर आली आहे. मग तेंच टोंक पुढच्या सांध्यांना लावीत जावें. जेथें पेटला तें ठिकाण आणि जेथें पेटला नाहीं तें ठिकाण यांच्यामध्यें दोष आहे. यांत तर्काला जागाच नाहीं.

येथेंहि थोडी युक्ति केली तर श्रम वांचतात. समजा, सॉकेटपासून शेवटच्या दिव्यापर्यंत तपासण्याजोगीं सोळा ठिकाणें आहेत. पहिल्यापासून एकेक तपासावयाचें म्हटलें तर सोळा वेळां खालीं वांकावें लागेल. त्याऐवजीं आधीं मधलें ठिकाण तपासावें. तेथें वीज असेल तर दोष पुढच्या अर्ध्यांत; नसेल तर मागच्या अर्ध्यांत. उरलेल्या आठांचा पुन्हा मध्य घ्यावा, मग चारांचा, मग दोहोंचा. चार तपासण्यांत दोष हातीं लागतो. अंधार पडत असतां आणि ट्रेलरखालीं आडवें होऊन काम करावयाचें असतां सोळा व चार यांतील अंतर लहान नाहीं.

विजेचा दाब मोजणारें मीटर आज स्वस्तांत मिळतें व तें उपयुक्तहि आहे. पण या कामांत तें एक फसवणूक करतें. मीटरला प्रवाह जवळजवळ लागतच नाहीं. तारेचा केंसाएवढा एकच धागा शिल्लक असला तरी तें बारा व्होल्ट दाखवितें आणि तपासणारा म्हणतो कीं तार चांगली आहे. त्याच धाग्यावर बल्बचा भार पडला कीं दाब कोसळतो. टेस्ट लॅम्प स्वतः प्रवाह ओढतो, म्हणून अशी तार तेव्हांच उघडी पडते. बैलाची परीक्षा दावणीला होत नाहीं, जुवाखालीं होते.

जाण्याची वाट होल्डरपर्यंत शाबूत निघाली आणि तरी दिवा लागत नसला, तर परतीची परीक्षा करावी. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक लांब तार थेट होल्डरच्या धातूच्या बुडाला लावावी. दिवा लख्ख उजळला कीं गुन्हेगार सांपडला. मग सांगाड्यावर एक जागा निवडून रंग व गंज पॉलिश पेपरनें खरवडून लोखंड चकचकीत करावें, तारेच्या टोकाला कडी दाबून बसवावी, ती बोल्टनें घट्ट आवळावी आणि वरून व्हॅसलीन फांसावें. नुसती तार पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून केलेला सांधा पहिल्या पावसापर्यंतहि टिकत नाहीं.

फ्यूज वारंवार जळत असेल तर प्रकार निराळा. तेथें वाट तुटलेली नसते. वीज मध्येंच आडवाटेनें पळते. तारेचें आवरण पत्र्याच्या कडेवर घांसून उघडें पडतें व तार सांगाड्याला टेकते. ऊंस भरतांना आणि कारखान्याच्या गव्हाणीवर तो उतरवून घेतांना तारांना ओढ बसते. हंगामानंतर उंदीर आपला वांटा उचलतात. अशा वेळीं फ्यूजच्या जागीं जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चांदी बसविण्याची वाईट संवय आहे. फ्यूज जळतो तो तार जळूं नये म्हणून. त्याला जळूं दिलें नाहीं तर तार तापून लाल होते. आणि ट्रेलरच्या फळ्यांत वाळलेलें पाचट अडकलेलें असतें. त्यानंतर काय होईल हें सांगावयास नको.

पाण्याचा आणि या दिव्यांचा तर जन्माचा दावा आहे. पाश्चात्य देशांत लहान होड्या ट्रेलरवरून नेतात व ट्रेलर मागें सारीत थेट पाण्यांत उतरवितात. तापलेला बल्ब थंड पाण्यांत बुडाला कीं कांच तडकते, होल्डरमध्यें पाणी शिरतें आणि पितळेवर हिरवा थर चढतो. म्हणून तेथील जाणते लोक पाण्यांत उतरण्यापूर्वीं प्लग काढून ठेवतात व बल्ब थंड होऊं देतात. उंसाच्या ट्रेलरला पाण्यांत उतरावें लागत नाहीं. परंतु हंगाम संपल्यावर तो चार महिने पावसांत उघडा उभा राहतो, आणि होडीच्या ट्रेलरचें जें एका दिवसांत होतें तें याचें चार महिन्यांत होतें. पावसाळ्यापूर्वीं प्लगचें तोंड प्लॅस्टिकनें बांधून उंच टांगलें आणि होल्डरांत व्हॅसलीनचें बोट फिरविलें, तर दिवाळींतलें अर्धें काम वांचतें. हल्लीं निघालेले बंद पेटीचे एल्.ई.डी. दिवे पाण्याला व धक्क्यांना अधिक दाद देत नाहींत आणि प्रवाहहि थोडा घेतात. पण परतीची वाट त्यांनाहि लागतेच.

आतां असेंहि होतें कीं, दिवा निर्दोष आहे, लख्ख जळतो आहे आणि तरीहि दिसत नाहीं. उंसाच्या मोळ्या ट्रेलरच्या मागें हातभर बाहेर आलेल्या असतात व त्यांचे शेंडे दिव्यावर लोंबतात. यावर विजेचें ज्ञान चालत नाहीं; दिव्याची जागा बदलावी लागते किंवा शेंडे छाटावे लागतात.

शिवाय विजेच्या दिव्याला एक मर्यादा आहे. टायर फुटला किंवा आंस मोडला म्हणजे चालक ट्रेलर रस्त्याच्या कडेला सोडून ट्रॅक्टरनें मदत आणावयास जातो. प्लग निघाला कीं दिवा गेला. ट्रेलर अत्यंत धोक्याच्या अवस्थेंत असतो, नेमका तेव्हांच तो आंधळा होतो. त्या वेळीं मागच्या फळीवरील तांबडी चमकती पट्टी हाच एक आधार. लोक तिला ‘रेडियम’ म्हणतात. तिच्यांत रेडियम नांवालाहि नसतें. तिच्यांत कांचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा पैलू असतात, आणि ज्या दिशेनें प्रकाश येतो त्याच दिशेला ते तो परत पाठवितात. म्हणून मोटारीच्या झोतांत ती पेटल्यासारखी दिसते. तिला बॅटरी लागत नाहीं, तार लागत नाहीं; मात्र ती स्वच्छ असावी लागते. चिखलानें माखलेली पट्टी असून नसल्यासारखी. बैलांच्या टायरगाड्यांना तर याखेरीज दुसरा दिवाच नाहीं. हंगामाच्या आरंभीं कारखान्यांच्या आवारांत पोलीस व परिवहन खातें अशा पट्ट्या लावण्याच्या मोहिमा काढतात त्या यासाठींच. बंद पडलेल्या गाडीमागें दगड मांडून ठेवण्याची जी चाल आहे, ती मात्र सोडावयास हवी. दगड रात्रीं दिसत नाहींत, आणि गाडी गेल्यावर ते तेथेंच राहून दुसऱ्याचा घात करतात.

या सगळ्यास किती वेळ लागतो? मोसमापूर्वीं एक दिवस आणि मोसमांत रोज दिवेलागणीला दोन मिनिटें. ट्रॅक्टरला चावी द्यावी, एकानें मागें जाऊन चारी दिवे पाहावे, ओल्या फडक्यानें दिव्याची कांच व पट्ट्या पुसाव्या, आणि मग गाडी रस्त्याला घालावी. गव्हाणीवर आपला पाळी-क्रमांक हुकेल या घाईंत हीं दोन मिनिटें जड वाटतात. पण गव्हाणीवर त्याच गाडीला कित्येक तास रांगेंत उभें राहावेंच लागतें. आणि शहरांतून या रस्त्यानें जाणाऱ्या कुटुंबानेंहि आपल्यापुरतें एवढें करावें: निघण्यापूर्वीं आपल्या मोटारीचे मागले दिवे कोणाकडून तरी पाहवून घ्यावे, कारण तेहि चालकाला दिसत नाहींत, आणि मार्गशीर्ष-पौषांतल्या रात्रीं भिगवण ओलांडलें, बारामती मागें पडली, कीं झोत जितका दूर पडतो तितकाच वेग ठेवावा. पुढें कोणाचा तरी दिवा विझलेला असण्याचा संभव असतो, आणि ज्याचा विझला आहे त्याला तें ठाऊक नसतें.